रुमाल पडेपर्यंत

अजीज मास्तरांच्या घरातून चार दिवस असला आवाज येत होता की गल्लीतल्या बायकांनी शेवटी त्यांच्या बायकोला, आबेदाला, अडवून विचारलंच, "मास्तरांची तब्येत बरी हाय ना गं?"

"तब्येतीला काय धाड भरलीय त्यांच्या! क्लॅरिनेट वाजवून राहिलेत. म्हणे भेव दाखवायचाय."

"कुणाला?"

"केरबाभाऊला. सत्तरी आली दोघांची, अन् हे धंदे बघा."

आबेदाचं काही चूक नव्हतं. पंचेचाळीस वर्षं नांदेडात बँड चालवलेल्या माणसानं उतारवयात जरा गपगुमान बसावं, नातवंडांना फिरवावं. अर्ध्या नांदेडच्या लग्नात मास्तरांनी क्लॅरिनेट वाजवली होती, आणि त्यातल्या एकाही नवरा-बायकोला आपल्या लग्नात काय वाजलं होतं ते आठवत नव्हतं. लोक नाचतात, ऐकतं कोण! मास्तरांना त्याचं आता वाईटही वाटत नसे. पण हे काम वेगळं होतं. हे केरबासाठी होतं, आणि केरबासाठी मास्तर गल्लीतल्या सगळ्या बायकांना घाबरवायला तयार होते.

केरबा म्हणजे नूतन टॉकीजचा ऑपरेटर. टॉकीज बंद पडून पंधरा वर्षं झाली, तिथं आता मंगल कार्यालय आहे, तरी लोक त्याला केरबा ऑपरेटरच म्हणत. चौतीस वर्षं त्यानं मशीन चालवलं. टॉकीज गेली तरी त्याचं पिक्चरचं वेड गेलं नाही. दर शुक्रवारी मास्तरांना ओढून कुठल्या तरी थेटरात न्यायचा आणि बाहेर पडल्यावर चहाच्या गाड्यावर तासभर भांडायचा. मग काचबिंदूनं त्याची नजर गेली. आधी कडेकडेची गेली, मग मधली. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, गेलेली परत येणार नाही. त्या दिवसापासून केरबानं थेटराचं नाव टाकलं.

"पिक्चर ही पाहायची गोष्ट हाय," तो म्हणाला होता. "आंधळ्यानं तिथं जाऊन काय खुर्ची अडवायची?"

दोन वर्षं झाली या गोष्टीला. सूनबाईनं दिलेला चहा प्यायचा, भिंतीकडं तोंड करून बसायचं, विचारलं तर "हाव" नाहीतर "न्हाई". मास्तर रोज संध्याकाळी त्याच्याकडं जाऊन बसत. नजर गेली ते जाऊ द्या, पण केरबा आता भांडत नव्हता, आणि मास्तरांना ते सहन होत नव्हतं. चाळीस वर्षांचा भांडणारा दोस्त असा गरीब झालेला पाहून त्यांना रात्रीचं जेवण जायचं नाही.

तुम्ही म्हणाल, बँडवाल्याची आणि ऑपरेटरची दोस्ती कशी? सोपं आहे. आषाढ लागला की लग्नं बंद, बँड घरी. तरणा अजीज मग नूतन टॉकीजच्या केबिनमध्ये जाऊन बसायचा. केबिनच्या भिंतीला एक छोटा स्पीकर होता, आतला आवाज कळावा म्हणून. गाणी सगळेच ऐकत. या दोघांचा जीव खुनाच्या पिक्चरमधल्या पाठीमागच्या संगीतावर. पडद्यावर बाई नुसती पाण्याचा ग्लास घेऊन जिना चढत असते. खालून व्हायोलिनं सुरू झाली की तोच ग्लास बघवत नाही. साठ-सत्तर माणसं कुठंतरी एका हॉलात बसून वाजवत असतील, आणि त्यांनी नुसता गज फिरवला की नांदेडातल्या माणसाच्या हातातली शेंग हातातच राहते. अजीजला वाटायचं, आयुष्यात एकदा, फक्त एकदा आपल्याला असलं काहीतरी वाजवायला मिळावं.

केरबाला एक वाईट खोड होती. त्यानं पिक्चर आधी चालवून पाहिलेला असायचा, त्यामुळं शेवट त्याला ठाऊक. अजीज खुर्चीच्या टोकावर येऊन विचारायचा, "केरबा, खुनी कोण रे?" केरबा मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या सरळ करत म्हणायचा, "बघ की." इतक्या वर्षांत त्या माणसानं एकदासुद्धा खुनी सांगितला नाही. पाया पडलं तरी नाही.

तर अशा या केरबाची नात विशाखा. लातूरला एका मोठ्या क्लासमध्ये सरांची लेक्चरं शूट करायची नोकरी करते. दिवसभर फळ्यापुढं उभा राहिलेला सर आणि फळ्यावरची बाण काढलेल्या अवयवांची चित्रं! त्याचा वीट येऊन पोरीनं सुट्टीच्या दिवसांत, मैत्रिणी गोळा करून, मुखेडला एका रिकाम्या घरात तेरा मिनिटांचा पिक्चर काढला. लातूरच्या हौशी मंडळींचा छोट्या पिक्चरांचा मेळावा होता, त्यात तो लागणार होता. एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन नांदेडला आली आणि आजोबाच्या पुढ्यात बसली. मास्तरही तिथंच चहा पीत होते.

"आबा, तुम्ही नुसतं ऐका," ती म्हणाली. "काय चाललंय ते मी सांगते."

गोष्ट साधी होती. लाईटचं मीटर वाचणारी एक पोरगी. एका घराला अकरा महिने कुलूप. कागदावर लिहिलेलं, इथं कोणी राहत नाही. पण मीटरचा लाल दिवा लुकलुकतोय. म्हणजे आत काहीतरी चालू आहे. पोरगी मागच्या बाजूला जाते, दार नुसतं लोटलेलं. आत जिना. जिन्याच्या वर एक बंद खोली.

मास्तर पुढं सरकले. बाप रे, काय डोकं चालवलंय पोरीनं! पण विशाखानं त्याला संगीत लावलं होतं ते कॉम्प्युटरातलं, तयार मिळणारं. पहिल्या पायरीला धडाम. दुसऱ्या पायरीला धडाम. तिसऱ्या पायरीला धडाम आणि वरून शिट्टी.

केरबानं तोंड वाकडं केलं. "काय लावलंय हे? पहिल्याच पायरीला एवढा ठणाणा, तर वर दारापाशी काय करणार, पूल पाडणार? बंद कर. आत बोका असतो."

"आबा, बोका नाहीये."

"मग उंदीर असतो. बंद कर म्हणतो ना."

विशाखानं खटकन बंद केलं. तिचे डोळे भरले होते. पण केरबा थांबला नाही. भिंतीकडं असलेलं तोंड त्यानं दोन वर्षांनी खोलीकडं वळवलं आणि सुरूच झाला.

"भेव असं धाडधाड येत न्हाई, पोरी. आधी खालचे मोठे तंबोऱ्याएवढे असतात ना, डबलबेस, ते चालायला लागतात. दोनच सूर. आपल्या छातीत चालतंय तसं. पब्लिकला कळत पण न्हाई कधी चालू झालं ते. मग वर व्हायोलिन एक सूर धरतं. बारीक. अन् सोडत न्हाई. तो सूर थोडा थोडा वर चढतो अन् समेवर येतच न्हाई! माणूस वाट बघून राहतो, आता येईल, आता येईल. येऊच द्यायची न्हाई सम! अन् मग सगळं बंद. एकदम बंद. तवा लोकांना आपलाच श्वास ऐकू येतो. हे यंत्रातलं धडाम कुणाला शिकवता? मी चौतीस वर्षं..."

आणि परत भिंतीकडं वळला. पण मास्तरांच्या हातातला चहा गार झाला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा केरबा भांडला होता! बोलताना त्याचा हात वर चढत गेला होता, सूर चढावा तसा. मास्तरांनी मनात म्हटलं, हा मेला नाही, हा नुसता दार लावून आत बसलाय.

मास्तर निघाले तशी विशाखा फाटकापर्यंत त्यांच्या मागं आली. "चाचा, तुम्ही वाजवाल? मेळाव्यात, पडद्याच्या बाजूला बसून? आबा म्हणतात तसं?"

"अगं, साठ माणसं लागतात त्याला. माझ्याकडं मला धरून तीन उरलीत."

"तीन चालतील."

"अन् आत कोण हाय ते दाखव मला आधी."

तिनं तिथंच, फाटकाशी स्कूटीच्या सीटवर लॅपटॉप ठेवून, शेवटचं मिनिट दाखवलं. आत कोण होतं ते इथं सांगून चालणार नाही. केरबाच्या गोष्टीत तरी तो नियम पाळलाच पाहिजे. एवढंच सांगतो की मास्तरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसला.

"आबाला सांगितलंस हे?"

"नाही."

"सांगू नको," मास्तर म्हणाले. "त्याला लातूरला आणायचं. थेटरात. त्यानं तिथं बसून हे बघितलं पाहिजे."

"चाचा, त्यांना दिसत नाही."

"ते माझ्यावर सोड."

म्हणायला म्हणून गेले खरे. घरी येऊन क्लॅरिनेट काढली आणि खालची पट्टी घुमवायला लागले. क्लॅरिनेटची खालची पट्टी लग्नात कोणी वाजवत नाही. वाजवली तर पोरीचा बाप येऊन विचारील की बाबा, काय वाईट झालं? काळोखी असते तिच्यात. त्याच आवाजानं गल्ली घाबरली होती.

मग दुकानात तालीम सुरू झाली. दुकान म्हणजे बँडचं, भिंतीला लाल कोट टांगलेले, कोपऱ्यात फुटका ढोल. मास्तरांची उरलेली माणसं दोन. एक महादेवप्पा, निलंग्याकडचा, मोठ्या तोंडाचं पितळी युफोनियम वाजवणारा. हा दिवसाला मोजून दहा शब्द बोलायचा, त्यातले चार कानडी. दुसरा साहेबराव, हदगावचा, ढोलवाला. हा महादेवप्पाच्या वाटणीचं पण बोलायचा.

महादेवप्पाला सांगितलं, दोनच सूर, खालचे, चालत्या माणसासारखे. त्यानं एकदा ऐकलं, गाल फुगवले आणि असे दोन सूर काढले की भिंतीवरचे कोट हलल्यासारखे वाटले. "आयतु," तो म्हणाला. म्हणजे झालं. त्याचं खरोखरच झालं होतं. मास्तरांनी त्यावर आपला सूर धरला, हळूहळू वर नेला, सम दाखवली आणि दिली नाही. विशाखा लॅपटॉपवर पोरगी जिना चढताना बघत होती, तिनं नकळत ओढणीचं टोक तोंडात धरलं. स्वतःच काढलेल्या पिक्चरला घाबरली पोरगी!

जिना संपला. दार आलं. इथं सगळं बंद व्हायचं होतं. अकरा सेकंद. मग दार उघडताना तिघांनी मिळून एकच मोठा दणका द्यायचा. मास्तर थांबले, महादेवप्पा थांबला.

"ढर्रर्र ढिन्," ढोल बोलला.

"सायबराव!"

"चुकलं मास्तर. परत."

परत. परत तेच. तिसऱ्यांदा त्यानं टिपऱ्या मांडीखाली दाबून ठेवल्या, तर पाचव्या सेकंदाला बोटांनीच ढोल वाजवला. सातव्यांदा पायानं ठेका धरला. मास्तरांचा पारा चढला.

"अरे, शांत बसायला काय जातं तुझ्या बापाचं?"

"हात ऐकत न्हाई मास्तर, काय करू!" साहेबराव कळवळून म्हणाला. "तुम्हीच शिकवलं. वरातीत गॅप पडू द्यायचा न्हाई. गाणं संपलं की ढोलानं भरून काढायचं. अकरा सेकंद बंद ठेवलं तर नवरदेवाचा मामा येऊन कॉलर धरतो. तीस वर्षं हेच केलं अन् आता म्हणता गप बस!"

खरंच होतं ते. पंचेचाळीस वर्षं मास्तरांनी प्रत्येक माणसाला एकच गोष्ट घोटून शिकवली होती, की बँड गप्प झाला की इज्जत गेली. आता कुठल्या तोंडानं रागावणार? विशाखा म्हणाली, ढोलाशिवाय करू. साहेबरावाचा चेहरा असा उतरला की मास्तरांनीच नको म्हटलं. बारा वेळा झालं. सगळे घामाघूम होऊन बसले.

तेवढ्यात महादेवप्पानं युफोनियम मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "अक्षता."

"काय?"

"अक्षता. रुमाल."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. लाहौल! हे आपल्याला कसं सुचलं नाही?

मंगलाष्टका चालू असतात तेव्हा बँड मांडवाच्या बाहेर उभा असतो. आतलं त्यांना दिसत नाही. म्हणून मांडवाच्या दारात एक माणूस खुर्चीवर चढून हातात रुमाल धरून उभा राहतो. शेवटची अक्षता पडली की तो रुमाल सोडतो, आणि रुमाल सुटला की बँडनं त्याच क्षणी उठवायचं. आधी नाही, नंतर नाही. बुद्धविहारातल्या लग्नात फुलं पडली की, निकाहात कबूल झालं की, पण रुमाल तोच. आधी वाजवलं तर अपशकून, लग्नघर मारायला उठतं. त्या दोन मिनिटांत मराठवाड्यातला कुठलाही बँडवाला हलत नाही. नाकावर माशी बसली तरी नाही.

विशाखा स्टुलावर चढली आणि ओढणीचं टोक वर धरलं. साहेबरावानं टिपरू उचललं आणि तसाच राहिला. अकरा सेकंद. वीस सेकंद. विशाखानं मुद्दाम पूर्ण मिनिट ताणलं. माणूस दगड झाला होता. तिनं टोक सोडलं, आणि असा दणका बसला की शेजारचा दुकानदार शटर ओढून पळाला.

"पण तिथं मी मागं लॅपटॉपपाशी असणार," विशाखा म्हणाली. "रुमाल कोण धरणार?"

"हाय एक माणूस," मास्तर म्हणाले.

केरबानं ऐकून घेतलं आणि हसला. ते हसणं काही चांगलं नव्हतं. "वा रे वा! आंधळ्याच्या हातात रुमाल देतो का, अज्ज्या? दार कधी आलं ते मला कसं कळणार?"

"पडद्याकडं बघायचंच न्हाई तुला. पब्लिककडं तोंड करून बसायचं. सांग मला, केबिनमध्ये बसून तुला हॉलातलं सगळ्यात आधी काय ऐकू यायचं?"

केरबानं कान खाजवला. मग म्हणाला, "शेंगा."

"अन् मग?"

"शेंगा फोडायच्या थांबल्या की समजायचं, धरलं पब्लिकला."

"झालं तर! सगळ्या हॉलानं श्वास धरला की सोड रुमाल. माझ्याकडं दोन डोळे हायत, पण हे मला कळत न्हाई. विशाखाला न्हाई. तुलाच कळतं."

"न्हाई जमायचं. जा तू."

मास्तर उठले, दारापर्यंत गेले, आणि तिथून परत वळले. वय झालं की माणूस जे मनात आहे ते बोलायला शिकतो, नाहीतर कधीच बोलत नाही. "केरबा, मला करमत न्हाई रे," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली, मी शुक्रवारी घरीच बसतो. आबेदा विचारते, जात का न्हाई? एकट्यानं काय जायचं? माझ्याशी भांडायला कोण हाय तिथं? उभ्या जन्मात एकदाच मला पिक्चरमागं वाजवायला मिळून राहिलंय. तू न्हाई आलास तर मी वाजवणार न्हाई. पोरीचं वाईट होईल, होऊ दे. तिला तू सांग."

केरबा भिंतीकडं तोंड करून बसला होता. मास्तर चपला घालायला लागले.

"रुमाल इस्त्रीचा पाहिजे," केरबा म्हणाला. "चुरगळलेला सरळ पडत न्हाई."

रविवारी सकाळच्या एसटीनं चौघं निघाले. लाल कोट, सोनेरी पट्ट्या, ढोल मागच्या सीटवर, युफोनियम महादेवप्पाच्या मांडीवर लेकरासारखं. विशाखानं काळे कपडे घाला म्हणून सांगितलं होतं, पण बँडवाल्याकडं काळं असतं कुठं! लोह्याच्या पुढं कंडक्टरनं विचारलं, "लगीन कुठं हाय, मास्तर?"

"लगीन न्हाई," साहेबराव म्हणाला. "लातूरला भेव दाखवायला चाललोत."

अहमदपूरच्या पुढं केरबानं दोन वेळा खिसा चाचपून रुमाल आहे का पाहिलं. ते मास्तरांनी पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

दुपारी तीनला हॉल भरला. सगळी क्लासची पोरंपोरी, बरोबर चिप्सची पाकिटं. पडद्याच्या डाव्या हाताला, खाली, तिघांच्या खुर्च्या. मास्तरांच्या बाजूला केरबा, पडद्याकडं पाठ, पब्लिककडं तोंड. पांढरा सदरा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. उजवा हात वर, त्यात आबेदानं घडी घालून दिलेला पांढरा रुमाल. लाल कोटवाले पाहून पोरं आधी खिदळली. कोणीतरी "नवरदेव कुठाय?" असंही ओरडलं. केरबानं नुसती मान तिरकी केली.

"कुरकुर ऐकू येते ना?" मास्तरांनी विचारलं.

"शेंगांची मजा न्हाई हिला," केरबा म्हणाला. "पण चालेल."

अंधार झाला. पडद्यावर मुखेडचं घर आलं, कुलूप आलं, मीटरचा लाल दिवा लुकलुकला. महादेवप्पानं दोन सूर सुरू केले, इतके हळू की मास्तरांनाही पहिला कधी लागला ते कळलं नाही. हॉलात पाकिटं वाजतच होती. पोरगी मागच्या दारानं आत शिरली. मास्तरांनी क्लॅरिनेट ओठाला लावली. छाती धडधडत होती, मेली, वीस वर्षांच्या पोरासारखी. सूर धरला. पहिली पायरी, दुसरी. सूर अगदी केसभर वर. साहेबराव ढोलावर फडकं गुंडाळलेलं टिपरू नुसतं घासत होता. मागच्या रांगेतलं एक पाकीट थांबलं. मग मधली. सूर आणखी वर. समेच्या दारापर्यंत नेऊन मास्तरांनी तो परत फिरवला, आणि हॉलात कोणीतरी "अगं आई" असं हळूच म्हणालं. शेवटची पायरी. पुढची दोन पाकिटं थांबली.

मास्तरांनी सूर तोडला. महादेवप्पा थांबला. साहेबरावाचं टिपरू वर, डोळे रुमालावर.

काहीच वाजत नव्हतं. तीनशे माणसं होती आणि पंख्याचा आवाज होता.

पडद्यावर पोरीचा हात दाराकडं गेला. आता, मास्तरांच्या मनात आलं. आता सोड केरबा. शेवटच्या दणक्यासाठी त्यांनी छातीत श्वास भरून ठेवला होता. तो वरचा सूर त्यांनी चार दिवस घोटला होता, खरं तर पंचेचाळीस वर्षं घोटला होता. अकरा सेकंद झाले. हात दारावर टेकला. रुमाल पडला नाही.

मास्तरांनी वळून पाहिलं. केरबाचं तोंड पब्लिककडं नव्हतं. तो खुर्चीत कधीतरी पुरता मागं फिरला होता, पडद्याकडं. मान पुढं, तोंड किंचित उघडं, केबिनच्या पडद्याकडच्या चौकोनी झरोक्याला नाक लावून बसायचा तसा. रुमाल मुठीत चुरगळून गोळा झाला होता. तो सोडायचा असतो हेच त्याच्या ध्यानात नव्हतं.

दार नुसत्या शांततेत उघडू लागलं. दणका नाही, काही नाही, बिजागरी तेवढी वाजली. तिसऱ्या रांगेत एक पोरगी किंचाळली. त्याच वेळी मास्तरांचं मनगट कोणीतरी गच्च धरलं. केरबाचा डावा हात होता तो, गार पडलेला.

"अज्ज्या," केरबा कुजबुजला, "कोण हाय रे आत?"

मास्तरांच्या छातीतला श्वास आपोआप निघून गेला. दणका गेला, सूर गेला, आणि त्यांना त्याचं काडीइतकं वाईट वाटलं नाही. डोळ्यांतलं पाणी मिशीपर्यंत आलं होतं. केरबा घाबरला होता. केरबा पिक्चर बघत होता.

"बघ की," मास्तर म्हणाले.

पडद्यावर पोरीचा आवाज आला. "आजोबा? तुम्ही? घर तर बंद आहे म्हणून लिहिलंय. इथं कोणी राहत नाही म्हणून."

खुर्चीची करकर झाली. मग एक म्हातारा आवाज, पुष्कळ दिवसांत न वापरलेला. "असं कुणी सांगितलं? मी हाय की. दार लावून बसलो होतो, एवढंच." आणि थोडं थांबून, "आलीस ते बरं केलंस. दिवा लाव, पोरी."

मनगटावरची पकड सैल झाली नाही, उलट घट्ट झाली. पण केरबाची दुसरी मूठ हळूहळू उघडली. त्यानं काही ठरवून केलं नाही, ती उघडली. रुमाल पडला.

आणि साहेबरावानं रुमाल पडताना पाहिला.

तीस वर्षांचा हात तो! रुमाल पडला याचा अर्थ त्याला एकच ठाऊक होता. त्यानं फडकं भिरकावलं आणि असा ढोल उठवला की अक्षता पडल्या, लग्न लागलं, मुलीकडचे जिंकले, मुलाकडचे जिंकले! महादेवप्पानं एक क्षण मास्तरांकडं पाहिलं, "आयतु" म्हणाला आणि गाल फुगवून त्यात घुसला. हॉल आधी दचकला, मग हसला, मग सगळा उभा राहून टाळ्या पिटायला लागला. मागं लॅपटॉपपाशी विशाखा दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती, का हसत होती, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

"अरे चुकलं रे, सायबराव, चुकलं!" केरबा ओरडत होता. त्याचे गाल ओले झाले होते. "गाढवा, सस्पेन्स हाय हा! अज्ज्या, काय माणसं घेऊन आलास? असं करतात का कुठं? नूतनला असं केलं असतं तर पब्लिकनं खुर्च्या फेकल्या असत्या! चल तू बाहेर, तुला सांगतो मी. चहा घेऊ अन् सांगतो."

"सांग की," मास्तर म्हणाले.

त्यांनाही ढोलाबरोबर वाजवावंसं फार वाटत होतं. पण केरबानं मनगट सोडलं नव्हतं, आणि एका हातानं क्लॅरिनेट वाजत नाही. त्यांनी ती मांडीवर ठेवली आणि तसेच बसून राहिले.